कबड्डीतील बचावपटूंची निवड आणि प्रशिक्षकाचे मूल्यमापन

कबड्डी या खेळात बचाव करणारे खेळाडू हेरणे, त्यांना संघात घेणे आणि काही हंगामांच्या सरावातून त्यांची एकसंध फळी उभी करणे, हा प्रशिक्षकाच्या कामाचा महत्त्वाचा भाग मानला जातो. एखाद्या प्रशिक्षकाने या बाबतीत किती यश मिळवले हे ठरवणे मात्र अवघड असते. चढाईपटूचे गुण धावफलकावर थेट दिसतात. बचावपटूचे काम बहुतांशी शेजारच्या सहकाऱ्यावर अवलंबून असते, त्याला परिपक्व व्हायला अधिक काळ लागतो आणि त्याच्या यशाचे श्रेय अनेकांमध्ये विभागले जाते. या लेखात बचावफळीची रचना, निवडीचे निकष, मूल्यमापनाच्या पद्धती व त्यांतील त्रुटी यांचा आढावा आहे. त्यासाठी प्रो कबड्डी लीगमधील पुणेरी पलटण व यू मुंबा या महाराष्ट्रातील संघांची उदाहरणे घेतली असून, सोलापूर जिल्ह्यातील करकंबसारख्या ग्रामीण भागातील निवडप्रक्रियेचाही विचार केला आहे.

बचावफळीची रचना

कबड्डीत एका वेळी प्रत्येक संघाचे सात खेळाडू मैदानात असतात. बचाव करताना ते साधारणपणे अर्धवर्तुळाकार उभे राहतात. डावीकडून उजवीकडे डावा कोपरा, डावा आतला, डावा मध्यरक्षक, मध्य, उजवा मध्यरक्षक, उजवा आतला आणि उजवा कोपरा अशी या सात जागांची मांडणी असते. आतल्या जागा व मध्य येथे बहुधा संघाचे चढाईपटू उभे राहतात. त्यामुळे खऱ्या अर्थाने बचावासाठी निवडलेले खेळाडू चार असतात, ते म्हणजे दोन कोपरारक्षक व दोन मध्यरक्षक.

या दोन्ही प्रकारच्या खेळाडूंची कामे वेगळी आहेत. कोपरारक्षक चढाईपटूच्या पायांवर लक्ष ठेवतो. घोटा पकडणे, मांडीला मिठी घालणे आणि चढाईपटू बोनस रेषेकडे झुकला असता त्याला मागून अडवणे ही त्याची मुख्य कामे होत. मध्यरक्षकाचे काम परतीची वाट बंद करण्याचे असते. धडक देऊन चढाईपटूला मैदानाबाहेर ढकलणे, समोरून अडवणे आणि शेजाऱ्याचा हात धरून साखळी करणे ही कौशल्ये त्याच्याकडे लागतात. कोपरारक्षकाने पाय धरला, परंतु मध्यरक्षक वेळेवर पोहोचला नाही, तर चढाईपटू मध्यरेषेला हात लावतो आणि गुण गमावला जातो. म्हणून बचावपटूंची निवड ही चार स्वतंत्र व्यक्तींची निवड नसून दोन जोड्यांची निवड असते, असे जाणकार मानतात.

खेळाच्या नियमांमुळेही बचावाचे महत्त्व वाढते. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा असते. प्रो कबड्डी लीगच्या नियमांनुसार सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसरी चढाई ‘करो या मरो’ स्वरूपाची होते. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या यशस्वी पकडीला एक अधिक गुण मिळतो. संपूर्ण संघ बाद झाल्यास प्रतिस्पर्ध्याला लोणाचे दोन गुण मिळतात. बलवान बचावफळी असलेला संघ प्रतिस्पर्ध्याला वारंवार तिसऱ्या चढाईपर्यंत ढकलू शकतो. त्या वेळी झालेल्या पकडीचे श्रेय एकाच खेळाडूच्या नावावर पडते, मात्र आधीच्या दोन चढाया निष्फळ करण्यात साऱ्या फळीचा वाटा असतो.

निवडीचे निकष

बचावपटू निवडताना प्रशिक्षक सर्वसाधारणपणे पुढील बाबी पाहतात.

शरीरयष्टी व वजन: वयोगट व स्पर्धेनुसार वजनाची कमाल मर्यादा असते. त्यामुळे केवळ भारदस्त शरीर उपयोगाचे नसते. मर्यादेत राहून कंबर, मांड्या व पंजे यांत जोर असणे आवश्यक असते. तालमीत कुस्ती केलेल्या मुलांची पकड व तोल चांगला असतो. म्हणून अशा मुलांकडे प्रशिक्षकांचे लक्ष असते.

संयम: चढाईपटू फसवी हालचाल करून बचावपटूला पुढे येण्यास भाग पाडतो. घाईने झेप घेणारा बचावपटू कितीही ताकदवान असला तरी संघाला महाग पडतो. हा गुण एका दिवसाच्या निवड चाचणीत कळत नाही. सलग सामने पाहूनच तो ओळखता येतो.

जोडीदाराशी ताळमेळ: शेजाऱ्याने पुढाकार घेताच विनाविलंब साथ देणे ही बचावाची खरी कसोटी आहे. दुसऱ्या संघातून आलेल्या निपुण खेळाडूलाही नव्या जोडीदाराशी जुळवून घेण्यास वेळ लागतो.

पृष्ठभागाची सवय: गावाकडील सामने बहुधा मातीवर होतात, तर वरच्या स्तरावरील स्पर्धा मॅटवर खेळल्या जातात. मॅटवर बूट घालून खेळताना पायाची पकड व वळण्याचा वेग बदलतो. मातीवर उत्तम घोटा पकडणारा मुलगा मॅटवर पहिले काही महिने चाचपडू शकतो.

आकडेवारी आणि तिच्या मर्यादा

बचावपटूच्या कामगिरीसाठी पकडीचे एकूण गुण, प्रति सामना सरासरी, यशस्वी पकडींची टक्केवारी, अव्वल पकडी आणि एका सामन्यात पाच किंवा अधिक पकडगुण मिळवण्याची कामगिरी, म्हणजेच ‘हाय फाइव्ह’, ही मोजमापे प्रचलित आहेत. यांपैकी कोणतेही मोजमाप एकट्याने पुरेसे नाही.

पहिली अडचण श्रेयाची आहे. पकडीचा गुण सामान्यतः पुढाकार घेणाऱ्या खेळाडूच्या नावे नोंदवला जातो. साखळी करून वाट अडवणाऱ्या मध्यरक्षकाच्या नावावर काहीही पडत नाही. परिणामी कोपरारक्षकांचे आकडे फुगलेले व मध्यरक्षकांचे आकडे तोकडे दिसतात.

दुसरी अडचण संधीची आहे. एखाद्या कोपऱ्याचा दरारा निर्माण झाला की चढाईपटू त्या बाजूला जाणे टाळतात. अशा खेळाडूचे पकडगुण घटतात, मात्र संघाचा फायदा वाढलेला असतो. याउलट कमकुवत समजल्या गेलेल्या खेळाडूवर सतत चढाया होतात. त्याला पकडीची संधी अधिक मिळते आणि त्याचे एकूण गुण वाढतात.

तिसरी अडचण टक्केवारीची आहे. समजा, एका बचावपटूने ६० प्रयत्नांत ३० यशस्वी पकडी केल्या आणि दुसऱ्याने ३० प्रयत्नांत १८. टक्केवारीच्या हिशेबात दुसरा ६० टक्क्यांसह पुढे आहे, तर पहिला ५० टक्क्यांवर आहे. परंतु पहिल्याने अधिक जबाबदारी उचलली असेल, किंवा सामन्याच्या अखेरीस धोका पत्करणे संघाला भाग पडले असेल, तर केवळ टक्केवारीवरून त्याला कमी लेखणे अन्यायाचे ठरते.

या कारणांमुळे काही विश्लेषक व्यक्तीऐवजी फळीचे मोजमाप अधिक विश्वासार्ह मानतात. प्रतिस्पर्ध्याने चढाईतून मिळवलेले गुण, संघावर पडलेले लोण, निष्फळ ठरवलेल्या चढाया आणि चार मुख्य बचावपटू किती सामने एकत्र खेळले, या बाबी त्यात पाहिल्या जातात.

यू मुंबाचे उदाहरण

बचावफळी ही जोड्यांची बनलेली असते, याचे ठळक उदाहरण यू मुंबा संघाच्या सुरुवातीच्या हंगामांत आढळते. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. पहिल्या तिन्ही हंगामांत यू मुंबाने अंतिम फेरी गाठली. २०१४ मध्ये जयपूर पिंक पँथर्सने त्यांना ३५–२४ असे हरवले. २०१५ मध्ये ई. भास्करन यांच्या मार्गदर्शनाखाली यू मुंबाने बंगळूर बुल्सवर ३६–३० असा विजय मिळवून विजेतेपद पटकावले. २०१६ च्या आरंभी झालेल्या तिसऱ्या हंगामात पाटणा पायरेट्सने त्यांचा ३१–२८ असा पराभव केला. कर्णधार अनुप कुमार हा संघाचा चेहरा होता. परंतु संघाचा पाया सुरेंदर नाडा व मोहित छिल्लर हे कोपरारक्षक आणि विशाल माने व जीवा कुमार हे मध्यरक्षक यांच्या चौकडीवर उभा होता.

चौथ्या हंगामाच्या लिलावात छिल्लरला बंगळूर बुल्सने ५३ लाख रुपयांना घेतले. त्या लिलावातील ही सर्वाधिक बोली होती. नाडाही बंगळूरकडे गेला. त्या हंगामात यू मुंबाला प्रथमच उपांत्य फेरी गाठता आली नाही. दोन नामांकित कोपरारक्षक मिळूनही बंगळूर बुल्सलाही उपांत्य फेरी गाठता आली नाही. एका हंगामावरून नियम सिद्ध होत नाही. तरीही मध्यरक्षकांपासून तोडलेले कोपरारक्षक तेवढेच परिणामकारक राहतील असे गृहीत धरता येत नाही, हे यातून दिसते. चौकडी जमवणाऱ्या प्रशिक्षकाचे श्रेय मोजताना हा संदर्भ महत्त्वाचा ठरतो.

बी. सी. रमेश आणि पुणेरी पलटण

मूळचे कर्नाटकातील व २००१ चा अर्जुन पुरस्कार मिळालेले माजी कबड्डीपटू बी. सी. रमेश यांची प्रशिक्षक म्हणून कारकीर्द बचावपटूंच्या निवडीच्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. २०१७ च्या पाचव्या हंगामात ते पुणेरी पलटणचे प्रशिक्षक होते. त्या संघात धर्मराज चेरलाथन, गिरीश इरनाक व संदीप नरवाल असे नावाजलेले बचावपटू व अष्टपैलू होते आणि संघाने बाद फेरी गाठली. २०१९ मध्ये रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली बंगाल वॉरियर्सने अंतिम सामन्यात दबंग दिल्लीला ३९–३४ असे नमवून विजेतेपद मिळवले. त्या संघाच्या बचावात बलदेव सिंग व रिंकू नरवाल यांच्यासह अनुभवी जीवा कुमारचा समावेश होता.

२०२२ च्या नवव्या हंगामासाठी रमेश पुन्हा पुण्याकडे आले. त्या वर्षीच्या लिलावात पुणेरी पलटणने इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली याला १ कोटी ३८ लाख रुपयांना घेतले. संघाने इतिहासात प्रथमच अंतिम फेरी गाठली. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने पुण्याला ३३–२९ असे हरवले.

पुढच्या हंगामापूर्वी पुण्याने अत्राचलीला मुक्त केले. अभिनेश नादराजन, गौरव खत्री व संकेत सावंत या तीन बचावपटूंना मात्र संघात राखले. ऑक्टोबर २०२३ मधील लिलावात डाव्या कोपऱ्यासाठी मोहम्मदरेझा शादलू या दुसऱ्या इराणी खेळाडूवर २ कोटी ३५ लाख रुपये खर्च केले. संघाची एकूण खर्चमर्यादा ५ कोटी रुपये होती. म्हणजे जवळपास निम्मी रक्कम, सुमारे ४७ टक्के, एका बचावपटूवर लावली गेली. दहाव्या हंगामात शादलूने ९९ पकडगुणांसह सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळवला. पुणेरी पलटण साखळी फेरीत २२ पैकी १७ सामने जिंकून ९६ गुणांसह अग्रस्थानी राहिली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथील अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सवर २८–२५ असा विजय मिळवून तिने पहिले विजेतेपद पटकावले.

श्रेयाचा प्रश्न

या यशाचे श्रेय निवडीला किती व घडवणुकीला किती द्यावे, हा मूल्यमापनातील कळीचा प्रश्न आहे. शादलूची ओळख पुण्यात झाली नव्हती. आठव्या हंगामात पाटणा पायरेट्सकडून खेळताना ८९ पकडगुणांसह तो आघाडीचा बचावपटू ठरला होता. त्याला घेणे हा ‘शोध’ नव्हता. संघातील उरलेल्या तीन जागा भरलेल्या आहेत आणि चौथ्या जागेसाठी मोठी किंमत मोजणे परवडेल, हे ओळखणे हा खरा निर्णय होता. ती किंमत मोजता आली, कारण बाकीचे तिघे आधीपासून संघात होते व लिलावात त्यांच्यासाठी स्पर्धा करावी लागली नाही.

त्याचबरोबर संघाच्या तरुण गाभ्याचे श्रेय एकट्या रमेश यांना देता येत नाही. कर्णधार अस्लम इनामदार व मोहित गोयत हे खेळाडू आठव्या हंगामात, अनुप कुमार प्रशिक्षक असताना पुढे आले होते. व्यवस्थापन, खेळाडू हेरणारी मंडळी व युवा प्रशिक्षण यंत्रणा यांचाही त्यात वाटा असतो. लिलावातील बोली ही प्रशिक्षकाच्या एकट्याच्या इच्छेवर ठरत नाही.

पुढील दोन हंगामांनी हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. अकराव्या हंगामापूर्वी शादलू २ कोटी ७ लाख रुपयांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला. हरियाणाने २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात झालेल्या अंतिम सामन्यात पाटणा पायरेट्सला ३२–२३ असे हरवून विजेतेपद मिळवले, तर गतविजेत्या पुणेरी पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. यावरून पुण्याचे यश शादलूमुळेच होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु त्याच हंगामात कर्णधार इनामदारला दुखापतीमुळे बराच काळ बाहेर राहावे लागले. त्यामुळे दोन्ही कारणे वेगळी करणे कठीण जाते. २०२५ च्या बाराव्या हंगामात रमेश बंगळूर बुल्सकडे गेले आणि पुण्याची सूत्रे अजय ठाकूर यांच्याकडे आली. शादलूशिवाय, परंतु खत्री व नादराजन यांना घेऊन खेळणाऱ्या पुणेरी पलटणने पुन्हा अंतिम फेरी गाठली. दबंग दिल्लीने तिथे त्यांचा ३१–२८ असा पराभव केला.

चार हंगामांतील तीन अंतिम फेऱ्या आणि तीन वेगवेगळे डावे कोपरे पाहता, टिकवून ठेवलेल्या उजव्या बाजूचे व मध्यरक्षकांचे मोल स्पष्ट होते. विकत घेतलेला तारा फळीला शिखरावर नेऊ शकतो, पण फळीला पायथा देण्याचे काम राखलेले खेळाडू करतात, असा या उदाहरणाचा एक अर्थ लावता येतो. दुसरीकडे, डाव्या कोपऱ्यासाठी घरचा खेळाडू घडवण्याऐवजी सलग दोन वर्षे लिलावावर विसंबावे लागले, ही त्याच नोंदीतील उणी बाजू म्हणता येते.

अमेरिकेतील समांतर उदाहरण

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘आक्रमक फळी’च्या पाच खेळाडूंबाबत असाच प्रश्न उपस्थित होतो. हे खेळाडू चेंडू फेकणाऱ्या व घेऊन पळणाऱ्या सहकाऱ्यांचे रक्षण करतात. त्यांच्या नावावर गुण जवळजवळ कधीच लागत नाहीत. महाविद्यालयीन संघांचे प्रशिक्षक शालेय मुलांमधून त्यांची निवड करतात. निवडीच्या वेळी या मुलांना तारांकित श्रेणी दिल्या जातात. मात्र १७–१८ वर्षांच्या मुलाचे शरीर पुढे किती भरेल हे सांगणे अवघड असल्याने या जागांबाबतचे अंदाज विशेषकरून चुकतात. अनेक खेळाडूंना पहिले वर्ष न खेळवता केवळ सरावात ठेवले जाते.

आयोवा विद्यापीठाचे किर्क फेरेन्झ हे या संदर्भात वारंवार उल्लेखले जाणारे नाव आहे. १९८१ ते १९८९ या काळात ते तेथेच आक्रमक फळीचे प्रशिक्षक होते आणि १९९९ च्या हंगामापासून मुख्य प्रशिक्षक झाले. रॉबर्ट गॅलरी हा वेगळ्या जागेसाठी निवडलेला खेळाडू त्यांच्या संघात आक्रमक फळीत आणला गेला. २००३ मध्ये त्याला महाविद्यालयीन लाइनमनसाठीचा आउटलँड चषक मिळाला आणि २००४ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. ब्रँडन शेर्फ याने हाच चषक २०१४ मध्ये मिळवला. २०२० मध्ये व्यावसायिक निवडीत पहिल्याच फेरीत निवडला गेलेला ट्रिस्टन वर्फ्स हा आयोवा राज्यातील छोट्या गावचा मुलगा होता व शालेय वयात कुस्तीही खेळत असे. २०१६ मध्ये आयोवाच्या फळीला देशातील सर्वोत्तम आक्रमक फळीचा जो मूर पुरस्कार मिळाला. परंतु २०२२ मध्ये त्याच प्रशिक्षकाच्या संघाचे आक्रमण देशातील सर्वांत दुबळ्या आक्रमणांत गणले गेले. दीर्घ कारकिर्दीतही अशी चढउताराची वर्षे येतात. एका उत्तम किंवा एका वाईट वर्षावरून निर्णय देऊ नये, हा धडा दोन्ही खेळांना लागू पडतो.

ग्रामीण भागातील निवड: करकंब परिसर

करकंब हे सोलापूर जिल्ह्याच्या पंढरपूर तालुक्यातील मोठे गाव असून पंढरपूर–टेंभुर्णी मार्गावर वसलेले आहे. अशा गावातील खेळाडूला वरच्या स्तरावर जाण्यासाठी ठरावीक पायऱ्या चढाव्या लागतात. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा क्रमाने होतात. सोलापूर जिल्हा पुणे विभागात मोडतो. त्यामुळे येथील मुलांना विभागीय स्तरावर पुण्यासारख्या मातब्बर जिल्ह्याशी सामना करावा लागतो. महाविद्यालयीन खेळाडूंसाठी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा व त्यातून विद्यापीठाचा संघ हा मार्ग असतो. २००४ मध्ये स्वतंत्र सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. आता ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. त्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. स्वतंत्र विद्यापीठामुळे जिल्ह्यातील खेळाडूंना विद्यापीठाच्या संघात स्थान मिळवण्यासाठी कोल्हापूर, सांगली व सातारा या कबड्डीत मुरलेल्या जिल्ह्यांशी स्पर्धा करावी लागत नाही. प्रशिक्षकाच्या खात्यावरील ‘विद्यापीठ खेळाडूं’ची संख्या २००४ पूर्वीच्या व नंतरच्या काळात तोलताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

या भागात बचावपटू निवडण्यात काही विशेष अडचणी संभवतात. गावच्या स्पर्धांत टाळ्या चढाईपटूला मिळतात. त्यामुळे चपळ मुलांचा ओढा चढाईकडे असतो आणि कोपऱ्यात उभे राहण्यास तयार होणारा मुलगा प्रशिक्षकाला शोधावा लागतो. ऊस पट्ट्यात गळिताचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. शेतीच्या कामांत घरच्यांना हातभार लावणाऱ्या मुलांची सरावाला गैरहजेरी वाढते. जोडीने घडणाऱ्या बचावावर एका मुलाच्या गैरहजेरीचाही परिणाम होतो. मॅटची सोय नसल्यास खेळाडूची पहिली खरी ओळख थेट जिल्हा किंवा विभागीय स्पर्धेत होते.

जिल्ह्यातच सातत्याचे चांगले उदाहरण दुसऱ्या खेळात दिसते. माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव खो-खोसाठी ओळखले जाते. एकाच गावात वर्षानुवर्षे नियमित सराव टिकला तर मोठ्या शहरांची साधने नसतानाही खेळाडू घडू शकतात, हे त्यावरून कळते. अशा ठिकाणी प्रशिक्षकाचे मूल्यमापन एका चषकावरून न करता पिढीमागून पिढी घडण्यावरून करणे योग्य ठरते.

न्याय्य मूल्यमापनाची सूत्रे

प्रशिक्षकाने निवडलेल्या बचावपटूंची नोंद तपासताना पुढील सूत्रे उपयुक्त ठरतात.

१. संपूर्ण यादी पाहावी. यशस्वी झालेल्या दोन-तीन खेळाडूंची नावे सर्वांच्या लक्षात राहतात. मध्येच सोडून गेलेल्यांची राहत नाहीत. एखाद्या वर्षी संघात घेतलेल्या सर्व बचावपटूंची यादी करून त्यांपैकी किती जण तीन वर्षांनंतरही खेळत होते, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. निवड चाचणीत नाकारलेला मुलगा दुसरीकडे चमकला असेल, तर तोही या हिशेबात धरावा.

२. प्रारंभबिंदू विचारात घ्यावा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका प्रशिक्षकाने जिल्हा संघात आधीच खेळलेले दहा बचावपटू घेतले व त्यांपैकी चार विद्यापीठ संघात पोहोचले. दुसऱ्याने तालुक्याबाहेर न खेळलेले दहा जण घेतले व त्यांपैकी तीन पोहोचले. आकड्यांत पहिला पुढे आहे. पण जिल्हा संघातील खेळाडूंपैकी तेवढे जण एरवीही पोहोचले असते, तर पहिल्याने फारशी भर घातलेली नाही. दुसऱ्याच्या तिघांपैकी बहुतेकांना ही संधी अन्यथा मिळालीच नसती.

३. काळाची मुदत ठरवावी. बचावपटूची निवड योग्य होती की नाही हे पहिल्याच हंगामात ठरवणे घाईचे असते. महाविद्यालयीन स्तरावर तीन वर्षांची मुदत सोयीची ठरते, कारण पदवीचा अभ्यासक्रमही सर्वसाधारणपणे तेवढाच असतो.

४. निवड, घडवणूक व राखण ही तीन कामे वेगळी नोंदवावीत. एखादा प्रशिक्षक हेरण्यात निष्णात व शिकवण्यात सामान्य असू शकतो. दुसऱ्याची स्थिती उलट असू शकते. तिसरा चांगले खेळाडू घडवतो, पण नोकरी वा मोठ्या संघाच्या आमिषाने ते निघून जातात. हा तिसरा प्रकार ग्रामीण भागात वारंवार आढळतो. खेळाडू पुढे गेला हे त्याचे अपयश मानावे की यश, हे संस्थेच्या उद्दिष्टावर अवलंबून असते.

५. साधने व दुखापती यांची नोंद ठेवावी. मॅट, आहार, वैद्यकीय मदत व प्रवासखर्च यांत तफावत असेल, तर केवळ निकालांची तुलना दिशाभूल करते. गुडघा व घोटा यांच्या दुखापती बचावपटूंमध्ये सर्रास होतात. त्या टाळण्यासाठी प्रशिक्षकाने काय केले हाही मूल्यमापनाचा भाग असतो.

६. जोड्यांचा हिशेब ठेवावा. उजवा कोपरा व उजवा मध्यरक्षक किती सामने एकत्र खेळले, जोडी मोडल्यावर काय झाले आणि पर्यायी खेळाडू तयार होता काय, हे पाहिल्यास प्रशिक्षकाची दूरदृष्टी कळते.

महत्त्व

बचावपटूंच्या निवडीच्या मूल्यमापनाचा परिणाम केवळ प्रशिक्षकाच्या नावलौकिकापुरता मर्यादित राहत नाही. महाराष्ट्रात शासकीय व निमशासकीय सेवांतील खेळाडूंसाठीच्या आरक्षणाचा लाभ मिळण्यासाठी विहित स्तरावरील स्पर्धेतील सहभाग वा प्रावीण्य आवश्यक असते. रेल्वे, पोलीस व बँका यांचे संघही खेळाडूंना नोकरी देत आले आहेत. प्रशिक्षक ज्या मुलाला कोपऱ्यात उभे करतो व ज्याला बाकावर बसवतो, त्या दोघांच्या पुढील आयुष्यावर त्या निर्णयाचा परिणाम होऊ शकतो. गुणफलकावर न दिसणारे काम करणाऱ्या मध्यरक्षकाची नोंद कोणीही ठेवली नाही, तर निवड समितीसमोर त्याच्याकडे दाखवण्यासारखे काही उरत नाही. त्यामुळे पकडीतील साहाय्य, खेळलेले सामने व जोडीदार यांची साधी वही ठेवणे हेही शालेय व महाविद्यालयीन प्रशिक्षकांच्या दृष्टीने मोलाचे काम ठरते. अशा नोंदी असल्यास खेळाडूला न्याय मिळतो आणि प्रशिक्षकाची कामगिरीही ऐकीव गोष्टींऐवजी पुराव्यावर तोलता येते.